अनेक हंगामांची एक बाटली
मिश्रहंगामी शॅम्पेनची पारख व तुलना

शॅम्पेन हे पेयाचे नाव म्हणून सर्वत्र परिचित आहे. परंतु मुळात ते एका प्रदेशाचे नाव होय. फ्रान्सच्या ईशान्य भागात रँस व एपर्ने या दोन शहरांच्या परिसरात हा प्रदेश पसरलेला असून, तेथे सुमारे ३४,००० हेक्टर क्षेत्र द्राक्षवेलींखाली आहे. सुमारे १६,००० द्राक्षउत्पादक कुटुंबे या पिकावर उपजीविका करतात. या प्रदेशात पिकलेल्या द्राक्षांपासून, ठरवून दिलेल्या पद्धतीने तयार केलेल्या फसफसत्या वाइनलाच शॅम्पेन म्हणता येते.

या प्रदेशातून विक्रीस जाणाऱ्या बहुसंख्य बाटल्यांवर कोणत्याही वर्षाचा उल्लेख नसतो. एखाद्या उत्तम हंगामाचा माल वेगळा ठेवून त्यावर त्या वर्षाचा आकडा छापतात, त्यास एकहंगामी शॅम्पेन म्हणता येईल. उरलेली सर्व शॅम्पेन निरनिराळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून तयार होते. तिला या लेखात मिश्रहंगामी म्हटले आहे. निरनिराळ्या उत्पादकांची मिश्रहंगामी शॅम्पेन शेजारी शेजारी ठेवून चाखली असता त्यांत स्पष्ट फरक आढळतो. हे फरक कशामुळे पडतात याचा शोध घेऊ लागले, की शेवटी वेल, माती, हवामान, साठवण आणि बाजारभाव या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या गोष्टींपाशीच येऊन पोहोचावे लागते. म्हणूनच हा विषय द्राक्षउत्पादकाने समजून घेण्यासारखा आहे.

मिश्रणाची गरज का पडली

शॅम्पेन प्रदेश सुमारे ४९ उत्तर अक्षांशावर आहे. तेथील सरासरी वार्षिक तापमान ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नाशिककडे द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी व पावसाळा सरल्यावर फळछाटणी, अशा वर्षातून दोन छाटण्या होतात. शॅम्पेनमध्ये थंडीत वेल झोपी गेल्यानंतर एकदाच छाटणी होते. मार्च अखेरीस किंवा एप्रिलमध्ये डोळे फुटतात, आणि नेमक्या त्याच सुमारास रात्री दहिवर गोठून कोवळे कोंब करपण्याचे भय असते. उन्हाळा पावसाळी गेला तर केवडा व भुरी हे रोग बळावतात. काढणीच्या वेळी ओल राहिली तर घड कुजतात. एका वर्षी फळ गोड व भरदार येते, तर दुसऱ्या वर्षी आंबट व पातळ रसाचे.

अशा अनिश्चित हवामानात दरवर्षी सारख्या प्रतीचा माल गिऱ्हाइकास देणे एकाच हंगामाच्या पिकावर शक्य नव्हते. यावर तेथील लोकांनी जो उपाय काढला तो असा, की चांगल्या वर्षी वाइनचा काही भाग विक्रीस न काढता राखून ठेवावयाचा आणि पुढील वर्षांच्या मालात आवश्यकतेप्रमाणे मिसळावयाचा. या साठ्यास राखीव वाइन म्हणतात. शेतकरी ज्या हेतूने कणगीत धान्य राखतो त्याच हेतूने ही व्यवस्था झाली; फरक इतकाच, की येथे प्रमाणाबरोबर प्रतही राखली जाते.

बाटली कशी तयार होते

तुलना करण्यापूर्वी तयारीची पद्धत थोडक्यात ध्यानी घेणे इष्ट आहे. काढणी हातानेच करावी असा नियम आहे, कारण घड अखंड राहिले तरच काळ्या सालीच्या द्राक्षांतूनही स्वच्छ, फिकट रस निघतो. ४,००० किलो द्राक्षांपासून २,५५० लिटरपर्यंतच रस घेण्याची मुभा आहे. त्यांपैकी पहिला २,०५० लिटर रस उत्तम, आणि नंतरचा ५०० लिटर दुय्यम मानला जातो. या हिशेबाने एका बाटलीस सुमारे १.२ किलो द्राक्षे लागतात.

रस आंबवून प्रथम साधी, न फसफसणारी वाइन करतात. प्रत्येक गावाचा, प्रत्येक जातीचा, आणि शक्य तेथे प्रत्येक शेताचा माल वेगळ्या टाकीत ठेवतात. हिवाळ्यात मिश्रणकार या सर्व टाक्यांतील वाइन चाखून, राखीव साठ्यातील कोणती वाइन किती घ्यावी हे ठरवितात. मिश्रण ठरले की त्यात साखर व किण्व घालून बाटल्या बंद करतात. दर लिटरास सुमारे २४ ग्रॅम साखर घातली असता बाटलीतच पुन्हा आंबवण होऊन सुमारे ६ वातावरणांइतका दाब निर्माण होतो. तोच वायू पुढे पेल्यात बुडबुड्यांच्या रूपाने दिसतो.

आंबवण संपल्यावर मेलेले किण्व गाळाच्या रूपाने बाटलीत साचते. या गाळावर वाइन जितकी अधिक काळ राहील तितका तिला भाजलेल्या पावासारखा वास व भरीवपणा येतो. मिश्रहंगामी शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते व त्यांपैकी १२ महिने ती गाळावर असावी लागते. एकहंगामी शॅम्पेनला किमान ३ वर्षे ठेवतात. पुष्कळ उत्पादक मिश्रहंगामी मालही नियमापेक्षा पुष्कळ अधिक काळ ठेवतात. शेवटी बाटल्या हळूहळू फिरवीत उलट्या करून गाळ तोंडाशी आणतात, तो बाहेर काढतात आणि थोडा साखरमिश्रित द्रव घालून पक्के बूच बसवितात. अखेरच्या मालात दर लिटरास १२ ग्रॅमहून कमी साखर असेल तर त्यास ‘ब्रूट’ असे नाव आहे. बहुतेक मिश्रहंगामी शॅम्पेन याच वर्गात मोडते.

चवीतील फरकाची कारणे

वरील विवेचनावरून दोन उत्पादकांच्या मालात फरक पडण्याची कारणे सहज ध्यानी येतील.

पहिले कारण द्राक्षाची जात. शॅम्पेनमध्ये मुख्यत्वे तीन जाती लावतात. पिनो न्वार ही काळी जात वाइनला अंग व जोर देते. म्यनिये ही दुसरी काळी जात उशिरा फुटत असल्यामुळे गोठणाऱ्या दहिवरातून पुष्कळदा वाचते. तिची वाइन लवकर तयार होते व फळाची चव पुढे आणते. शार्दोने ही पांढरी जात तरतरीत आंबटपणा व नाजूकपणा देते, आणि तिची वाइन दीर्घकाळ टिकते.

दुसरे कारण गाव व माती. एपर्नेच्या दक्षिणेकडील खडूच्या उतारांवर शार्दोने, रँसजवळील टेकड्यांवर पिनो न्वार, आणि मार्न नदीच्या खोऱ्यात म्यनिये विशेष प्रमाणात दिसते. तिसरे कारण राखीव वाइनचे प्रमाण व तिचे वय. चौथे कारण पहिल्या आंबवणीचे भांडे, म्हणजे पोलादी टाकी की ओक लाकडाचे पिंप. पाचवे कारण गाळावरील मुदत, आणि सहावे अखेरच्या साखरेचे प्रमाण.

काही उत्पादकांची तुलना

ही कारणे प्रत्यक्षात कशी दिसतात हे काही प्रसिद्ध नावांवरून पाहता येईल.

१७४३ साली स्थापन झालेल्या मोएत ए शाँदों या पेढीच्या नेहमीच्या मिश्रणात शंभराहून अधिक वाइन असतात. पिनो न्वार व म्यनिये यांचा भाग मोठा व एकमेकांच्या जवळपास असतो आणि शार्दोने त्याहून काहीशी कमी असते. परिणामी चव सरळ, फळाळ व कोणासही रुचणारी लागते. १७७२ सालच्या व्हव क्लिको या पेढीच्या पिवळ्या लेबलाच्या बाटलीत निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक पिनो न्वार असते. म्हणून तिचा घोट अधिक भरीव जाणवतो.

याउलट तेतँजे या पेढीच्या मिश्रणात सुमारे ४० टक्के शार्दोने असते. तिचा रंग फिकट, वास फुलांसारखा आणि चव हलकी असते. १८४९ साली स्थापन झालेली पोल रोजे ही पेढी तिन्ही जाती सारख्याच प्रमाणात घेते. जोर, फळ व नाजूकपणा यांचा समतोल कसा लागतो हे पाहण्यास ही बाटली सोयीची आहे.

आयी या गावातील बोलँजे पेढी (स्थापना १८२९) सुमारे ६० टक्के पिनो न्वार वापरते, काही वाइन ओकच्या पिंपांत आंबविते, आणि राखीव वाइनचा काही भाग दीड लिटरच्या बाटल्यांत अनेक वर्षे जपून ठेवते. तिच्या चवीत अक्रोड, सुके फळ व भाजक्या पावाची छटा येते. तेतँजे व बोलँजे यांचे पेले शेजारी ठेवले तर, दोन्ही ‘ब्रूट’ आणि दोन्ही मिश्रहंगामी असूनही, नवख्या माणसासही फरक कळतो. शार्ल हाइडसिक या पेढीने राखीव वाइनचे प्रमाण मोठे ठेवण्याबद्दल नाव मिळविले आहे. जुन्या साठ्यामुळे येणारा पिकलेपणा अभ्यासण्यास ती बाटली उपयोगी पडते.

सहकारी संस्थांचा मालही या तुलनेत घेतला पाहिजे. शूयी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या सहकारी केंद्रातून निकोला फ्योयात हे नाव पुढे आले. अनेक गावांच्या सभासदांची द्राक्षे तेथे एकत्र येतात. याशिवाय स्वतःच्या बागेतील द्राक्षांपासून स्वतःच बाटली भरणारे हजारो शेतकरी आहेत. त्यांच्या मालात एक-दोन गावांचीच माती बोलते. त्यामुळे चवीस वेगळेपणा असतो, पण वाईट हंगामात मिश्रणास वाव कमी राहतो. बाटली कोणाची आहे हे लेबलावरील लहान अक्षरांवरून ओळखता येते. ‘एन् एम्’ म्हणजे द्राक्षे विकत घेऊन माल तयार करणारी पेढी, ‘आर् एम्’ म्हणजे स्वतःचा माल भरणारा शेतकरी, आणि ‘सी एम्’ म्हणजे सहकारी संस्था.

सारखेपणा की उत्तमता

दरवर्षी तीच चव राखणे हे मिश्रहंगामी शॅम्पेनचे पारंपरिक ध्येय होय. परंतु अलीकडे काही पेढ्यांनी निराळा विचार स्वीकारला आहे. झाकेसों या पेढीने २००० च्या हंगामावर आधारलेल्या मिश्रणास ७२८ हा क्रमांक दिला आणि तेव्हापासून दरवर्षी पुढचा क्रमांक देण्याची प्रथा पाडली. मागील वर्षासारखी चव साधण्यापेक्षा त्या वर्षी जे उत्तम होईल ते करावे, हा त्यामागील हेतू. क्रुग ही पेढी दहाहून अधिक वर्षांच्या शंभरावर वाइन एकत्र करते व लेबलावर आवृत्तीचा क्रमांक छापते. रोदेरेर पेढीने २०१२ पासून एक कायमचा राखीव साठा सुरू केला आणि २०२१ साली आपले जुने मिश्रण बंद करून ‘कलेक्शन २४२’ या क्रमांकाने नवे मिश्रण बाजारात आणले. हवामान उष्ण होत चालल्याने फळ पिकण्याची जुनी अडचण कमी झाली असून, आता ताजेपणा टिकविणे हा प्रश्न पुढे आला आहे. राखीव साठ्याचा उपयोगही त्यानुसार बदलत आहे.

चाखणे म्हणजे पिणे नव्हे

तुलनेसाठी चाखणारा मनुष्य घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतो. प्रतपरीक्षा हे त्या व्यवसायातील काम असून, मद्यपानाचा प्रसार हा त्याचा हेतू नाही. पद्धत पुढीलप्रमाणे असते.

१. एका बैठकीत चार ते सहाच नमुने घ्यावेत. त्याहून अधिक झाल्यास जीभ थकते.

२. सर्व नमुने एकाच वर्गाचे व जवळपास सारख्या किमतीचे असावेत. ब्रूटची तुलना गोड प्रकाराशी करू नये.

३. बाटल्या कापडात गुंडाळून त्यांना क्रमांक द्यावेत. नाव दिसले की मत बनते, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे.

४. तापमान ८ ते १० अंश सेल्सिअस असावे. फार थंड केल्यास वास दबतो व दोषही लपतात.

५. पेला उंच व तोंडाशी किंचित आवळलेला असावा. पसरट पेल्यातून वायू व वास लवकर उडून जातो.

६. प्रथम रंग व बुडबुडे पाहावेत, मग वास घ्यावा, आणि शेवटी घोट घेऊन आंबटपणा, गोडी, भरीवपणा व घोटानंतर चव किती वेळ टिकते हे टिपावे.

७. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी प्यावे व साध्या पावाचा तुकडा खावा. प्रत्येकाने आपले टिपण लिहिल्यानंतरच चर्चा करावी.

ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष समजावा. पारदर्शक बाटली उजेडात राहिल्यास उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. गाळ काढल्याची तारीख काही उत्पादक बाटलीच्या मागे छापतात. तीही टिपून ठेवावी, कारण त्याच मिश्रणाची नुकती गाळ काढलेली बाटली व दोन वर्षे बुचाखाली राहिलेली बाटली यांची चव एकसारखी लागत नाही.

नावामागील शेतकरी

बाटलीवर पेढीचे नाव असते. परंतु प्रदेशातील सुमारे नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत, आणि विक्रीचा मोठा भाग पेढ्यांच्या हाती आहे. या विषमतेतून एकदा फार मोठा भडका उडाला होता. १९१० साली पाऊस व रोग यांमुळे पीक बुडाले. काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशांतून स्वस्त माल आणून तो शॅम्पेन म्हणून विकीत होते, आणि स्थानिक द्राक्षांना भाव मिळत नव्हता. मिश्रणाची कला येथे फसवणुकीचे साधन बनली होती. जानेवारी १९११ मध्ये मार्नच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी गाड्या अडविल्या व पिंपे फोडली. एप्रिलमध्ये आयी गावात पेढ्यांच्या इमारतींना आगी लावण्यात आल्या, आणि सरकारला सैन्य पाठवावे लागले. ओब जिल्ह्यातील शेतकऱ्यांनीही, आपला भाग शॅम्पेनच्या सीमेबाहेर ठेवल्याबद्दल, त्याच वर्षी आंदोलन केले. १९२७ च्या कायद्याने ओबचा समावेश कायम झाला.

पुढे १९४१ साली उत्पादक व पेढ्या यांची संयुक्त समिती स्थापन झाली. दोन्ही बाजूंना तीत समान स्थान आहे. दीर्घकाळ गावांच्या प्रतीनुसार टक्केवारी ठरवून द्राक्षांचे दर निश्चित होत. शंभर टक्क्यांची १७ गावे होती. ती दरपद्धती आता उरलेली नाही. भाव उत्पादक व खरेदीदार यांच्यातील कराराने ठरतो. मात्र हेक्टरी किती पीक विक्रीस काढावयाचे हे दरवर्षी समितीतच ठरते. २०२० साली साथीमुळे मागणी घटली तेव्हा पेढ्यांना मर्यादा कमी हवी होती आणि उत्पादकांना अधिक. अखेर हेक्टरी ८,००० किलो, म्हणजे एकरी सुमारे ३२ क्विंटल, अशी तडजोड झाली.

मर्यादेपेक्षा जास्त आलेल्या पिकाची वाइन शेतकऱ्यास ठराविक प्रमाणात आपल्या नावे राखून ठेवता येते. तिचा उपयोग लगेच पुढील वर्षी दिसून आला. २०२१ मध्ये एप्रिलातील कडाक्याच्या थंडीने कोंब करपले व उन्हाळ्यात केवड्याने मोठे नुकसान केले. ज्यांच्यापाशी राखीव साठा होता त्यांनी तो विक्रीस काढून ते वर्ष निभावले. पेल्यात जी चव ‘राखीव वाइनचा पिकलेपणा’ म्हणून टिपली जाते, तीच शेतकऱ्याच्या घरी पीकविम्याचे काम करते.

आपल्याकडील द्राक्षउत्पादकांसाठी

नाशिक जिल्ह्यात, विशेषतः दिंडोरी परिसरात, वाइनसाठी स्वतंत्र जातींची लागवड होते व फसफसती वाइनही तयार केली जाते. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची भौगोलिक निर्देशक म्हणून स्वतंत्र नोंद झालेली आहे. आपल्या उष्ण हवेत फळातील आंबटपणा लवकर उतरतो. म्हणून फसफसत्या वाइनसाठी फळ साखर पूर्ण भरण्यापूर्वी, योग्य आंबटपणा असतानाच तोडावे लागते. ताज्या खाण्याच्या द्राक्षांचा अनुभव या बाबतीत जसाच्या तसा लागू करून चालत नाही.

अशा बागाईतदारांनी प्रत्येक प्लॉटची जात, छाटणी, फवारणी व काढणीची तारीख आणि त्या दिवशीची साखर व आंबटपणा यांची नोंद वेगळी ठेवावी. आपला माल इतरांच्या मालात मिसळण्यापूर्वी त्याचा नमुना वेगळा तपासला जाईल, असा आग्रह खरेदीदाराकडे धरावा. खरेदीचा करार करताना दर कोणत्या मोजमापावर ठरणार आहे हे आधी लेखी घ्यावे. ज्या वाइनसाठी फळ दिले तिची चाचणी होत असेल तेव्हा उपस्थित राहण्याची संधी मिळाल्यास ती सोडू नये; आपल्या प्लॉटच्या वाइनमध्ये काय उणे पडले हे तेथेच समजते. ग्रामसेवकांनी आपल्या क्षेत्रातील वाइनद्राक्षांचे उत्पादक एकत्र आणून या नोंदींचा समान नमुना ठरविण्यास साहाय्य करावे.

मिश्रणात सामील होणाऱ्या प्रत्येक टाकीचे गुणदोष माहीत असतील, तरच मिश्रण विश्वासाचे ठरते. ज्या शेतकऱ्यास आपल्या फळाची प्रत स्वतः ठाऊक असते, त्याला तिचा भावही ठामपणे मागता येतो.